जर्मन बी१ : फोनवर शिकायला काय वापरू? (बजेट महिना ५००)

रात्रपाळी_सांगली
नमस्कार मंडळी. मी नर्स आहे. क्लास लावून जर्मनची ए२ पातळी केली (ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत्या पातळ्या असतात), आता ड्युटीमुळे क्लास जमत नाही. बी१ हॉस्टेलवर राहूनच करायचंय, पुढे बी२. वाचलेलं कळतं, पण बोलायची वेळ आली की त-त-प-प. साधा अँड्रॉइड फोन आहे, वॉर्डात रेंज नसते. महिन्याला ५०० रुपये, त्यावर नाही. एआयशी बोलून खरंच भाषा येते का? वापरलेल्यांनीच सांगा.

कोथरूडचा_काका
ताई, आधी चांगला टॅब घ्या. नातवासाठी पेन्सिलवाला घेतला, पन्नास हजारांच्या आत बसला. हाताने लिहिलेलं लक्षात राहतं. फोनवर अभ्यास म्हणजे डोळ्यांची वाट.

मिरज_जंक्शन
काका, पाचशे म्हणतायत त्या.

कोथरूडचा_काका
ईएमआयवर मिळतो.

चिकट_वही
अँकी हे उजळणीच्या कार्डांचं ॲप टाका. अँड्रॉइडवर फुकट, नेट नसतानाही चालतं. जे येत नाही ते लवकर परत विचारतं, जे येतं ते लांबवतं. सेटिंगमध्ये एफएसआरएस चालू करा, म्हणजे तुमच्याच आधीच्या उत्तरांवरून पुढची तारीख ठरते. पाच-पाच हजार शब्दांचे तयार गठ्ठे उतरवू नका, तिथेच सगळे गळपटतात. स्वतःची कार्डं करा, आणि सुटा शब्द नको, वॉर्डातलं अख्खं वाक्य. पुढे 'मी तुमचा बीपी बघते', मागे 'इश मेसे ईरन ब्लूटड्रुक', सोबत आवाज. कार्ड उलटण्याआधी वाक्य मोठ्याने म्हणायचं, मनात नाही. रोज नवीन दहाच, नाहीतर चार दिवस सुट्टी घेतली की उजळणीचा डोंगर.

पुस्तकी_किडा
यात नवीन ते काय? विसरण्याचा आलेख एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली मांडला. लाइटनरची कार्डांची पेटीही १९७०च्या दशकातली. चपलांच्या खोक्यात पाच कप्पे करा, झालं. चार्जिंग लागत नाही.

चिकट_वही
खोकं काय ड्युटीवर घेऊन फिरायचं?

स्ट्रीक_वाली
घुबडवालं ॲप घ्या, ड्युओलिंगो. माझी स्ट्रीक, म्हणजे रोजचा न चुकलेला सराव, दिवाळीपासून तुटलेली नाही, लीगमध्येही पहिली आहे!

मिरज_जंक्शन
बोलता येतं का पण?

स्ट्रीक_वाली
मला कुठे परीक्षा द्यायचीय?

श्टुटगार्टकर
एआयशी बोलून जीभ नक्की सुटते. पण नुसतं 'चल, जर्मनमध्ये बोलू' म्हणालात तर तो तुमच्या मोडक्या वाक्याचाही अर्थ लावून घेतो आणि 'वा, छान' म्हणून पुढे सरकतो. इथे जर्मनीत म्हातारे पेशंट तसा अर्थ लावत बसत नाहीत. त्याला सुरुवातीलाच बजावा: बी१च्या वरचे शब्द नकोत, मध्ये तोडू नकोस, शेवटी फक्त तीन मोठ्या चुका सांग आणि तीच वाक्यं माझ्याकडून परत म्हणून घे. ग्योथे इन्स्टिट्यूटच्या बी१ तोंडी परीक्षेत जोडीदाराबरोबर एखादा बेत ठरवायचा असतो, मग एका विषयावर बोलायचं, मग त्यावर प्रश्न. त्याला जोडीदार करा आणि नेमकं हेच घोटा. व्याकरणाचं कारण मात्र पुस्तकात ताडून बघा, चुकलेलं कारणही तो ठासून सांगतो.
अवांतर: इथली श्वेबिश बोली ऐकून मला वाटलं, भलत्याच देशात उतरलो.

वैतागलेला_बाप
एआय-बीआय सब झूठ. मुलीसाठी एका ऑनलाइन क्लासला 'एआय शिक्षक' म्हणून वर्षाचे पैसे भरले. निघाले जुने व्हिडिओ आणि कोपऱ्यात चॅटचा डबा. रिफंड मागितला तर तोच डबा म्हणतो, 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.'

कोथरूडचा_काका
+१. टॅब निदान घरात राहतो.

उशिरा_आलो
सगळं वाचलं नाही. अँकी घ्या, फुकट आहे. आणि डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ए१ ते बी१ कोर्सही फुकट आहे, हे कुणीच कसं सांगितलं नाही? शिवाय ग्योथे बी१चे चारही भाग (वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं) सुटे देता येतात, प्रत्येकात १००पैकी ६० लागतात. बोलणं राहिलं तर तेवढंच परत द्या.

रात्रपाळी_सांगली
सर्वांचे आभार. सुटे भाग देता येतात हे खरंच माहीत नव्हतं. बाकी ठरलं: वॉर्डातल्या मैत्रिणींनी घुबडाचा फॅमिली प्लॅन घेतलाय, त्यात मीही घुसले. कार्डं करत बसायला वेळ नाही. आणि एआयशी हॉस्टेलवर बोलायचं म्हणजे सगळ्या खी-खी करतात. त्यापेक्षा चहाला आम्ही एकमेकींशीच जर्मन बोलणार. जी मराठीत बोलेल तिने चहा पाजायचा.

चिकट_वही
एवढं टंकलं ते कुणासाठी?

श्टुटगार्टकर
सगळ्या मिळून एकच चूक कराल आणि तीच पक्की होईल. आठवड्यातून एकदा तरी चहाच्या गप्पा रेकॉर्ड करून एआयकडून तपासून घ्या.

रात्रपाळी_सांगली
ते करू. पण पेशंटचा विषय निघाला की रेकॉर्डिंग बंद.

कृष्णाकाठची
ताई, मीपण सांगलीचीच. त्या प्लॅनमध्ये एक जागा आहे का?

रात्रपाळी_सांगली
नाही गं, सहा झालो. चहाला ये.