फोटो बूथ आणा, पण आमचे फोटो आमच्याच हातात राहू द्या

खिडकीशेजारची:
परवा एकाने लिहिलं होतं, "ऑफिसच्या प्राइडला (समलिंगी, ट्रान्स वगैरे लोकांच्या सन्मानाचा सोहळा) फोटो बूथ आणा, इंद्रधनुषी प्रॉप्स म्हणजे फोटोत वापरायच्या गमतीच्या वस्तू ठेवा, मागे कंपनीचं नाव लावा. लोक आपोआप मोकळे होतात." दोन दिवस हे वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहिते.

आपोआप कोणी मोकळं होत नाही हो. मागच्या नोकरीत प्राइडला घरच्यांनाही बोलावलं होतं, म्हणून माझी जोडीदार आली होती. आम्ही बूथमध्ये उभ्या राहिलो, खूप हसलो, चार फोटोंची पट्टी हातात आली. मला वाटलं, झालं. पण बूथ प्रत्येक फोटो एका सामायिक गॅलरीतही चढवत होता. तिथून आमचा फोटो नोकरभरतीच्या जाहिरातीत गेला. तीन आठवड्यांनी आईचा फोन: "ही कोण?" आईला मी सांगणारच होते. माझ्या वेळेला, माझ्या शब्दांत. ती संधी एका जाहिरातीने घेतली आणि ती मला परत मिळणार नाही.

स्पष्टवक्ता:
तुमच्याबरोबर झालं ते वाईटच. पण दोष बूथचा नाही. बूथमध्ये कोणाला हाताला धरून नेत नाहीत.

मी गे आहे. अकरा वर्षं एकाच ऑफिसात आहे. त्यातली सात वर्षं "लग्न कधी?" असं कोणी विचारलं की पाणी प्यायला उठायचो. बूथ आला त्या वर्षी माझ्याच टीममधले लोक माझ्याबरोबर फोटो काढायला रांगेत उभे राहिले. ती पट्टी आजही माझ्या मॉनिटरला चिकटवलेली आहे. सकाळी आलो की आधी ती दिसते. हे तुम्ही नको म्हणताय?

आणि भीतीचंच म्हणाल तर १९६५ आठवा. समलिंगींच्या हक्कांसाठी लढणारे फ्रँक कॅमेनी धरून जेमतेम दहा माणसं व्हाइट हाऊससमोर फलक घेऊन उभी राहिली. पुरुष सूट-टाय घालून, बायका ड्रेसमध्ये, अगदी उघड्यावर. ती तोंड लपवून बसली असती तर आज ऑफिसात प्राइड झाला असता का?

तिसरा मजला:
स्पष्टवक्ता, कॅमेनींचं उदाहरण अर्धं सांगू नका. ते खगोलशास्त्रज्ञ होते. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागातून १९५७ मध्ये समलिंगी असल्याच्या कारणावरून त्यांना काढून टाकलं. सरकारने माफी मागितली २००९ मध्ये, म्हणजे ५२ वर्षांनी! नोकरी आधीच गेली होती, म्हणून ते उभे राहू शकले. माझा पगार दर महिन्याला घरी लागतो.

स्पष्टवक्ता:
पगार मलाही लागतो. धाडस काय फक्त बेकारांनी करायचं?

तिसरा मजला:
ज्याला करायचंय त्याने करावं. माझ्या वतीने तुम्ही करू नका, एवढंच म्हणतोय.

रीळवाला:
थोडं अवांतर, पण बूथचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. अनातोल जोसेफोने १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पहिला पडद्याचा बूथ उभा केला. २५ सेंटमध्ये आठ फोटो, साधारण आठ मिनिटांत. त्यातली खरी गंमत रसायनात होती. फोटो थेट कागदावर उमटायचा, निगेटिव्ह नसायचीच. म्हणजे दुसरी प्रत नाही. रीळ धुवायला कोणा अनोळखी माणसाकडे द्यायचं नाही, म्हणून तो माणूस बघणार नाही आणि पोलिसांकडेही जाणार नाही. पडद्याआड दोन पुरुषांनी एकमेकांचं चुंबन घेतलेले १९५० च्या दशकातले बूथमधले फोटो आजही संग्रहात आहेत. बाहेर समलिंगींच्या बारवर धाडी पडत होत्या, पकडलेल्यांची नावं वर्तमानपत्रं छापत होती, त्या काळात!

आजच्या बूथला पडदा नाही, समोर गोल दिवा आणि शेजारी क्यूआर कोड. त्याला बूथ म्हणणं मला पटत नाही.

दुरून पाहणारा:
छपाई तरी कुठे धड असते हल्ली. आमच्याकडच्या पट्टीवर सगळ्यांचे चेहरे जांभळे आले होते.

रीळवाला:
तो दोष दिव्यांचा. रंगीत दिवे चेहऱ्यावर मारतात, मग यंत्र पांढरा रंग ओळखणार कसा? साधा पांढरा उजेड बाजूने द्या, काळ्या-पांढऱ्यात छापा. चेहरा चेहऱ्यासारखा येतो.

अबोली:
इथे छपाईवर इतका खल चाललाय, प्रॉप्सबद्दल कोणीच बोलत नाहीये. मी ट्रान्स स्त्री आहे. टेबलावर नकली मिशा आणि विग ठेवलेले असतात. माझा मॅनेजर विग चढवून, ओठांचा चंबू करून फोटो काढतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. मी केस वाढवून पहिल्यांदा ऑफिसात आले, त्या दिवशी त्याच लोकांनी लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ फिरवली होती.

स्पष्टवक्ता:
आता विगही नको? ड्रॅग, म्हणजे विग-मेकअप करून दुसऱ्या लिंगाचं रूप रंगवणं, ही आपल्याच लोकांनी जपलेली कला आहे. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारवर पोलिसांची धाड पडली आणि लोकांनी उठाव केला, तेव्हापासून ते लोक पुढे होते.

अबोली:
ड्रॅग करणारा तासन्‌तास आरशासमोर बसतो, त्याला ती कला येते. मॅनेजरला पाच सेकंदांचं हसू हवं असतं. हा फरक मी तुम्हाला समजावून सांगावा लागतो, याचं मला फार वाईट वाटतं.

स्पष्टवक्ता:
लिफ्टचं वाचलं आणि थांबलो. विगबद्दल तुमचं बरोबर आहे. माझा सूर चुकला.

खिडकीशेजारची:
रीळवाल्यांचं अवांतर मला मुद्द्याचंच वाटतं. मला बूथ नकोच आहे असं नाही. मला तो जुना बूथ हवाय. पडदा असू दे. एकच छापील पट्टी निघू दे, ती काढणाऱ्याच्या हातात जाऊ दे. यंत्रातली प्रत तिथल्या तिथे पुसली जाऊ दे. ई-मेल विचारू नका, मागे कंपनीचं नाव नको. ज्याला फोटो जगाला दाखवायचाय, तो स्वतः दाखवेल.

स्पष्टवक्ता:
गॅलरी बंद करा, मान्य. जाहिरातीसाठी वेगळी लेखी परवानगी घ्या, तेही मान्य. पडदा नाही मान्य. सात वर्षं मी पडद्याआडच काढली. ऑफिसने माझ्यासाठी पुन्हा पडदा लावलेला मला बघवणार नाही.

तिसरा मजला:
तुम्ही तो बाजूला सारून बसा. कडी थोडीच असते त्याला. पडदा असेल तर मीही येईन, नसेल तर त्या दिवशी रजा टाकेन, दरवर्षी टाकतो तशी.

स्पष्टवक्ता:
दरवर्षी?

तिसरा मजला:
सहा वर्षं झाली.

स्पष्टवक्ता:
हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या आयोजन समितीत मी आहे. सोमवारी पडद्याचं विचारतो.