मदत हवी आहे: एक कादंबरी, चार गावं, टपालाने कशी फिरवावी?

नमस्कार मंडळी. आयझॅक असिमॉव्हची ‘द केव्हज ऑफ स्टील’ (१९५४) आम्ही काही मित्रमैत्रिणी आळीपाळीने वाचणार आहोत. घुमटाखाली कोंडलेलं न्यूयॉर्क, एका अवकाशवासीयाचा खून, आणि तपासाला माणूस पोलीस नि त्याच्या जोडीला यंत्रमानव! प्रत एकच, वाचणारे मात्र पुणे, सांगली, नाशिक आणि पणजीत. पीडीएफ सुचवू नका प्लीज, पुस्तक कॉपीराइटमध्ये आहे आणि आम्हाला कागदच हवाय.

कुरिअरचा खर्च दर टप्प्याला परवडत नाही. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, वर कर, ट्रॅकिंगही आहे. पण ती सोय शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी. त्यात खुनाची कादंबरी चालते का? कुणी पाठवली असेल तर काउंटरवर काय विचारलं, पाकीट उघडं ठेवायला लावलं का, तेवढं सांगा.

दुसरं दुखणं रहस्याचं. मागच्या पुस्तकात कुण्या महाभागाने तिसऱ्याच प्रकरणात एका नावाभोवती पेन्सिलने गोल करून शेजारी ‘हाच!’ लिहिलं होतं. पुढच्यांची सगळी मजा गेली. आता शेरे लिहायला सोबत वेगळी वही फिरवावी म्हणतोय, पण वही तरी आधी कोण उघडणार नाही? शेरे शेवटच्या वाचकाकडेच परस्पर पाठवायचे, असं कुणी केलंय का? आणि पुस्तक दाबून बसणाऱ्याला न दुखावता कसं हलवता?