एएन-३२चा तक्ता करतोय, आरई कुठे टाकू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, अंतोनोव्ह (एएन) या युक्रेनच्या कंपनीच्या मालवाहू विमानांची वंशावळ काढतोय आणि शेवटच्या टप्प्यावर गाडी अडलीये, जाणकारांनी जरा सांगा.

सुरुवात सोपी आहे. १९५९ ला एएन-२४ उडालं, ते प्रवासी. त्यावरून १९६९ ला मागे रॅम्प असलेलं एएन-२६, आणि एएन-२४ वरूनच आणखी एक फाटा म्हणजे एएन-३०, काचेच्या नाकाचं, हवाई सर्व्हेसाठीचं. मग १९७६ ला एएन-२६ वरून एएन-३२.

आता खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप एएन-३२ साठीच चाललाय, कारण या विमानाला भारताच्या गरजेमुळेच आकार आला, उन्हाळ्यात आणि उंचावरच्या धावपट्टीवर हवा विरळ होते, इंजिनाचा दम कमी पडतो, आणि आपल्या हवाई दलाला तर लेहसारख्या ठिकाणी सामान उतरवायचं होतं. म्हणून एएन-२६ चं साधारण २८०० हॉर्सपॉवरचं इंजिन काढून तिथे ५१०० च्या वरचं एआय-२० बसवलं, पंखे (प्रोपेलर) मोठे झाले, ते जमिनीला लागू नयेत म्हणून इंजिनं उचलून थेट पंखाच्या वर ठेवली. फोटो बाजूने घेतलेला असेल तर इंजिनाचा तो कुबड लगेच दिसतो, एएन-२६ शी गल्लत होतच नाही. याच विमानाने मे २००८ मध्ये लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला, १६ हजार फुटांच्या वर, लँडिंग केलं, तिथे ४३ वर्षं एकही विमान उतरलं नव्हतं!

प्रश्न असा, आग विझवणाऱ्या एएन-३२पी ला बाहेरून पाण्याच्या टाक्या लावलेल्या असतात, त्याला वेगळा चौकोन दिला. पण २००९ च्या कराराने आलेलं एएन-३२आरई? त्यालाही वेगळी फांदी द्यायची का?

प्रतिसाद: नको. आरई म्हणून नवीन विमानं बांधलीच नाहीत, हवाई दलाकडे होती तीच काही युक्रेनमध्ये आणि बाकीची कानपूरला अपग्रेड करायची असं ठरलं, कॉकपिटमधली उपकरणं नवी आणि आयुष्य वाढवलेलं. एएन-३२ च्याच चौकोनातून ठिपक्यांची रेघ काढा नि त्यावर आरई लिहा. आणि सी-२९५ हे दुसऱ्या कंपनीचं मालवाहू विमान या तक्त्यात घुसवू नका, ती ऑर्डर हवाई दलाच्या जुन्या अॅव्रो विमानांच्या जागी दिलीये, लोक सारखं एएन-३२ च्या जागी समजतात.