सल्ला हवा: नववीला ‘फॅरनहाइट ४५१’ची गोडी कशी लावू?

शाईचा डाग: रे ब्रॅडबरींची ही १९५३ची कादंबरी (पुस्तकांवर बंदी, आणि अग्निशामकच ती जाळतात!) मुलं सुट्टीत वाचणार आहेत. त्याआधी माझ्या हातात ३५ मिनिटांच्या फक्त दोन तासिका. व्याख्यान नको. काय करू?

जुनं खोड: दोन तासिका? मी सहा आठवडे घेतले होते. तक्ते, वादविवाद, सगळं. मुलं अजून आठवण काढतात.

निशाचर: यावरचाच फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोचा १९६६चा सिनेमा दाखवा. श्रेयनामावली पडद्यावर येतच नाही, नुसती बोलून दाखवतात. मुलं चमकतात. (नंतर माझा अर्धा वर्ग झोपला, ते सोडा.)

मोरपीस: मी एका उताऱ्यावर काळा मार्कर फिरवायला दिला, ‘नको ते खोडा’ म्हणून. तास संपला तरी पोरं खोडतच होती. का खोडायचं, हे एकानेही विचारलं नाही! वर एकाने ग्रंथालयाची प्रत रंगवली. भरपाई माझ्या खिशातून.

तर्कट: अवांतर: शीर्षकातलं ४५१ फॅ. हे कागद पेटण्याचं तापमान, म्हणजे सुमारे २३३ अंश सेल्सिअस. पण प्रत्येक कागद नेमका तिथेच पेटतो असं नाही. आधी हे स्पष्ट करा.

जुनं खोड: प्रयोगशाळा दुसऱ्या धाग्यावर न्या.

तर्कट: प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

निशाचर: सेन्सॉरशिपच्या धाग्यावर प्रकाटाआ! =))

पानगळ: मुद्द्याचं बोलू? खुद्द या पुस्तकालाच कात्री लागली होती. १९६७मध्ये प्रकाशकाने शाळांसाठी आवृत्ती काढली, तीत पंच्याहत्तरेक जागी बदल. शिव्या गेल्या, गर्भपाताचा उल्लेख गेला. पुढे काही वर्षं बाजारात तीच एक मिळायची. ब्रॅडबरींना हे कळलं थेट १९७९च्या सुमारास, मग त्यांनी मूळ मजकूर परत आणवला. यात सरकार कुठेच नव्हतं. कादंबरीतला अग्निशामकांचा प्रमुख कॅप्टन बीटीही नायक माँटॅगला तेच सांगतो: वरून हुकूम आला नव्हता, लोकांनीच आधी वाचणं सोडलं. पहिल्या तासाला ही हकीकत सांगा, दुसऱ्याला बीटीचं भाषण वाचा.

नवा गडी: १९६६चा सिनेमा दाखवा की.

निशाचर: वर वाचा हो.

आडमुठा: मुळात ही सेन्सॉरशिपची कादंबरी नाहीच. ब्रॅडबरी उतारवयात म्हणायचे, विषय टीव्हीचा आहे. माँटॅगची बायको मिल्ड्रेड, तिच्या तीन भिंतींवर टीव्ही, तरी चौथीसाठी नवऱ्यामागे भुणभुण. मुलांचे फोन जमा करा, झाली ओळख.

जुनं खोड: लेखक काहीही म्हणेल. आम्ही चौथा आठवडा यावरच घालवला होता.

शाईचा डाग: आभार मंडळी. पानगळताई, कात्रीची हकीकत झकास, पण ती सुट्टीनंतर. आधी सांगितली तर माझी पोरं पुस्तकात फक्त शिव्या शोधतील. शेवटी पुस्तकं तोंडपाठ करून जपणारी माणसं येतात ना, तिथून सुरू करतेय. प्रत्येकाला एकेक परिच्छेद पाठ करायला द्यायचा, कागद काढून घ्यायचे, आणि दुसऱ्या तासाला नुसत्या आठवणीवर उतारा उभा करायचा.

पानगळ: अगं, पण शेवट फुटेल!

शाईचा डाग: फुटू दे.

जुनं खोड: पाठांतरालाच दोन आठवडे धरा.