रविवारी सकाळी धावणाऱ्यांना रस्ता दिला तर बिघडलं कुठे?

पहाटपळ्या:
काल पणजीत मिरामारच्या रेसमध्ये १० किमी धावलो आणि घरी पोचेपर्यंत फॅमिली ग्रुपवर तीन मेसेज, परत रस्ता अडवला म्हणून. म्हणून हा धागा. पहिल्या नंबरवाल्यांचं कौतुक होतंच, त्यांचं मी बोलत नाहीये. माझी वहिनी, वय ५२, शुगर, डॉक्टरांनी चाला म्हणून सांगून दोन वर्षं झाली तरी अंगणाबाहेर पडायची नाही, ती काल ५ किमीत सगळ्यात शेवटी आली. पाण्याची टेबलं आवरायला घेतली होती, पण कॉलेजची दोन पोरं शेवटचा दीड किलोमीटर तिच्या बरोबरीने चालत आली आणि माईकवाल्याने तिचा नंबर मोठ्याने पुकारला. ही पोरं पहाटे चारला आलेली. त्यांना कोण थँक्यू म्हणतं?

मांडवीकाठ:
वहिनींचं खरंच कौतुक, मनापासून. पण मी त्याच रस्त्यावर राहतो. माझी बायको नर्स, नाईट करून सात वाजता घरी यायची, अशाच एका रविवारी दीड तास स्कूटर घेऊन बॅरिकेडपाशी उभी. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकलसुद्धा अडवली, लोकांना पाव मिळाला नाही. वर रस्ताभर ग्लास. धावायचं तर ओहोटीला मिरामारची वाळू घट्ट असते, तिथे धावा की, फी भरून रस्ता कशाला पाहिजे?

फर्मागुडीचढ:
वाळू एका बाजूला उतरती असते हो, रोज धावलात तर गुडघा बोलायला लागतो. मी तीन वर्षं एकटाच फर्मागुडीचा चढ चढायचो. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही, तहान लागते तोवर उशीर झालेला असतो. पहिल्या हाफ मॅरेथॉनला (२१.१ किमी) १६व्या किमीला पायात गोळे आणि डोळ्यांपुढे अंधारी, एक अनोळखी पेसर (ठरलेल्या वेगाने धावून बाकीच्यांना वेळ सांभाळायला मदत करणारा) स्वतःचा टायमिंग सोडून थांबला, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. एकटा असतो तर तिथेच पडलो असतो.

मांडवीकाठ:
मग पार्करन बघा ना. २००४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या बुशी पार्कात १३ धावणाऱ्यांपासून सुरू झालं. दर शनिवारी ५ किमी, फुकट, सगळे व्हॉलंटियर, आणि एक व्हॉलंटियर मुद्दाम सगळ्यांच्या मागून चालतो म्हणजे आलेला माणूस शेवटचा ठरत नाही. तुमच्या वहिनींसोबत त्या पोरांनी हेच केलं. त्याला बॅरिकेड लागत नाही.

पहाटपळ्या:
पार्करन मलाही आवडेल, कांपालला सुरू होत असेल तर दर शनिवारी येतो. पण ५ किमी बागेत बसतं, २१.१ कुठे बसवणार? शिगम्याच्या चित्ररथांना आपण अख्खी संध्याकाळ रस्ता देतोच की आणि आनंदाने देतो, मग वर्षातल्या दोन-तीन सकाळी ह्यांनाही द्या. तुमच्या मिसेसना दीड तास उभं केलं ते मात्र चूकच, त्यात दुमत नाही. धावणाऱ्यांत गॅप पडला की क्रॉसिंग सोडता येतं, पण त्यासाठी प्रत्येक नाक्यावर शिकवलेला माणूस लागतो आणि तिथेच माणसं कमी पडतात.

डिचोलीचा पोरगा:
मी पाण्याच्या टेबलावर असतो म्हणून ग्लासांचं सांगतो. पिंप टेबलाला चिकटून ठेवतात ते चुकतं, माणूस धावता धावता पितो, त्याचं पाणी संपतं चाळीस-पन्नास मीटर पुढे, पिंप तिथे पाहिजे. आम्ही पुढे सरकवलं तेव्हापासून ग्लास बरेचसे पिंपातच पडतात, राहिलेले पोत्यात भरून मगच घरी जातो.

मांडवीकाठ:
हे चांगलं करता. पण रस्ता दोन तासांच्या वर बंद नको हे माझं मत तसंच आहे. आणि आठवडाभर आधी आमच्या बिल्डिंगच्या गेटवर कागद लावा, कुठला नाका किती वाजता सुटणार तो, म्हणजे बायको ड्युटी बदलून तरी घेईल.