'परिवर्तनवादी' सुपरवायझर? शब्द सुचवा

ऐरोलीकर:
रबाळ्यातल्या एका कारखान्यासाठी सुपरवायझर लोकांची प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत करतोय. 'नेतृत्वाच्या शैली' असा धडा आहे. ऑटोक्रॅटिकला 'एकतंत्री', डेमोक्रॅटिकला 'सहभागी' लावून टाकलं. अडलंय लेसे-फेअरपाशी, म्हणजे माणसांना त्यांच्या मर्जीवर सोडणाऱ्या शैलीपाशी. अर्थशास्त्राच्या पुस्तकातला 'निर्हस्तक्षेप' मशीनवर उभ्या माणसाला वाचायला दिला तर शिफ्ट संपेल. दुसरं, ट्रान्स्फॉर्मेशनलला, म्हणजे माणसांची उमेद नि ध्येयंच बदलून टाकणाऱ्या शैलीला, मी 'परिवर्तनवादी नेतृत्व' लिहिलं तर एचआरवाले दचकले. "युनियनचा मेळावा आहे का?" म्हणे.

नौपाडा आजी:
उगाच नाही दचकले. आपल्याकडे 'परिवर्तनवादी' म्हटलं की फुले-आंबेडकरांची चळवळ डोळ्यांपुढे येते. 'कायापालट करणारं' म्हणा.

घणसोली २:
कायापालट फक्त उद्यानांचा आणि तलावांचा होतो आजी, तोही फ्लेक्सवर. आणि 'परिवर्तनवादी'त चूक काय? जेम्स मॅकग्रेगर बर्न्स या अमेरिकन अभ्यासकाने १९७८ साली ही कल्पना मांडली ती राजकीय नेत्यांवरून, त्याच्या उदाहरणांत गांधीजी आहेत. कंपन्यांत ती नीट रुजवली बर्नार्ड बासने, १९८५ मध्ये. म्हणजे चळवळीचा वास मुळातच आहे. एचआरला तेवढं सांगा. आणि तिच्या जोडीच्या ट्रान्झॅक्शनलला काय केलंत?

ऐरोलीकर:
'व्यवहारी'.

घणसोली २:
ही तर शाबासकी झाली! 'मुलगा व्यवहारी आहे' असं स्थळ सांगताना म्हणतात. इथे अर्थ काय, टार्गेट गाठलंस तर इन्सेंटिव्ह, नाहीतर मेमो. 'देवघेवीचं' लिहा.

पाचपाखाडी:
देवघेव म्हटलं की टेबलाखालचीच आठवते.

माजी फोरमन, वागळे इस्टेट:
लेसे-फेअरला शब्द कशाला, म्हण तयार आहे. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय.

नौपाडा आजी:
ती तक्रार झाली हो दादा, शैली कुठली? कुर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट या मानसशास्त्रज्ञांचा १९३९ चा प्रयोग बघा. दहा-दहा वर्षांच्या मुलांचे क्लब, काम मुखवटे बनवायचं. हुकूम सोडणारा मोठा माणूस खोलीबाहेर गेला की काम थंडावायचं. चर्चा करून ठरवणाऱ्या गटाचं तो नसतानाही चालू राहायचं. मोकळ्या सोडलेल्यांत काम कमी नि टिवल्याबावल्या जास्त. पण तिथला माणूस झोपला नव्हता, ठरवून लांब राहिला होता. म्हणून 'मोकळीक देणारं नेतृत्व'.

पाचपाखाडी:
मग पुस्तिकेच्या शेवटी चाचणी असेल तर सगळे 'मोकळीक'वरच खूण करतील. इतका गोड शब्द. उलट 'एकतंत्री'वर एकही नाही. त्यालाही 'एकहाती' म्हणा, क्रिकेटमध्ये 'एकहाती सामना जिंकला' हे कौतुकच असतं.

माजी फोरमन, वागळे इस्टेट:
आमच्या टूलरूममधल्या जुन्या फिटरला मी कधी काम समजावलं नाही. ड्रॉइंग टेबलावर ठेवायचं आणि निघायचं. नव्या पोराला तसं सोडलं असतं तर डाय गेली असती. आम्ही याला 'सोपवून मोकळं होणं' म्हणायचो. 'सोपवणारा' लिहा, कुणालाही कळेल.

मायमराठी:
सगळी चर्चा सुपरवायझर, टार्गेट आणि मेमोत चाललीय. 'पर्यवेक्षक' शब्द काय वाईट आहे? सावरकरांनी 'महापौर' दिला तेव्हाही लोक हसले असतील. आज ठाण्यात 'मेयर' कोण म्हणतं?

घणसोली २:
महापौर दारावरच्या पाटीने रुळला. पर्यवेक्षक म्हटलं की दहावीचा पेपर आणि कॉपी पकडणाऱ्या बाई दिसतात.

एपीएमसी वाशी:
मार्केटातल्या माणसाचं ऐका. माथाडींची टोळी असते, टोळीचा मुकादम असतो. १९६९ चा कायदा आला, बोर्ड आलं, पण शब्द तोच राहिला. आमचा मुकादम गाडी लागली की एकतंत्री आणि चहाला बसला की सहभागी. तुमच्या पुस्तिकेत सुपरवायझरला सरळ मुकादम म्हणा.

बीडहून कोपरखैरणे:
अजिबात नको. तुमच्याकडचा मुकादम टोळीतला असेल. आमच्याकडे ऊसतोडीचा मुकादम म्हणजे उचल देऊन माणसं बांधणारा. माझ्या गावचा माणूस ते पान उघडायचाच नाही.

मायमराठी:
शिवाय तो अरबी. 'पुढारी' घ्या, अस्सल.

नौपाडा आजी:
अरबी 'मुकद्दम' म्हणजे पुढे ठेवलेला. पुढारीही पुढचाच आणि म्होरक्याही म्होरचाच. तिघांचा अर्थ एक, पण म्होरक्याला पोलीस शोधतात, पुढाऱ्याचे फ्लेक्स लागतात नि राबतो मुकादम. जुन्या कागदांत तर गावच्या पाटलालाच मोकदम म्हटलंय.

ऐरोलीकर:
ट्रान्स्फॉर्मेशनल राहिलंच हो. पान छपाईला द्यायचंय.

एपीएमसी वाशी:
मुकद्दममधला 'कदम' म्हणजे पाऊलच ना? मग कदम आडनावही तिथूनच आलं. पुढे पाऊल टाकणारे ते कदम.

माजी फोरमन, वागळे इस्टेट:
बस करा. आम्ही कदम बनवासीच्या कदंब राजघराण्याचे, वाडवडिलांपासून हेच ऐकत आलोय.

एपीएमसी वाशी:
वाडवडील सांगतात म्हणून व्युत्पत्ती होत नाही दादा. कदंबातला 'ब' कुठे गेला ते सांगा.

माजी फोरमन, वागळे इस्टेट:
निंबातला गेला तिथेच. हिंदीत निंबाचा नीम झाला, आपल्यातही कडुनिंबाचं कडूनिम करणारेही आहेत. आता तुम्ही अरबी पावलाचं एक आडनाव दाखवा.