लहान वायनरीत रेड वाइन टेस्टिंग: जाण्याआधी काय माहीत हवं?

पुणेरी_पेला
मार्चमध्ये दिंडोरीजवळच्या एका छोट्या वायनरीत आठ जणांचं टेस्टिंग ठरलंय. मालक स्वतःच वाइन करतात आणि स्वतःच ओततात. टेम्प्रानिलो, झिन्फँडेल, दोन शिराझ, एक कॅबरने (ही सगळी काळ्या द्राक्षांच्या जातींची नावं), शिवाय यंदाच्या शिराझचा थेट बॅरलमधला, म्हणजे लाकडी पिंपातला नमुना. करणारा माणूस समोर असताना काय बघायचं, काय विचारायचं? त्यांच्यासमोर वाइन थुंकणं बरं दिसतं का?

तळघर
खुशाल थुंका. वाइन करणारे स्वतः दिवसभर थुंकतच चाखतात. ४० मिलीचे सहा ग्लास म्हणजे २४० मिली, बाटलीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. गिळत गेलात तर चौथ्या ग्लासनंतर जीभ काही सांगत नाही. गाडी चालवणाऱ्याने तर थुंकूनही जपून राहावं, कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे.

सकाळी नाशकात मिसळ हाणून जाऊ नका. तिखटाने भाजलेल्या तोंडाला अल्कोहोल जळजळीत लागतं आणि तुरटपणा दुप्पट वाटतो. अत्तर, पान, पुदिन्याची टूथपेस्ट, सगळं टाळा. चीज समोर आलं तरी पहिला घोट कोऱ्या तोंडाने घ्या, कारण चीज तुरटपणा झाकतं.

तापमान सांभाळा. रेड १६ ते १८ अंशांना हवी. मार्चच्या दुपारी शेडमध्ये ३२ अंशांवर ठेवलेली बाटली नुसती अल्कोहोलचा वास मारेल. अशा वेळी ‘बाटली जरा गार करता येईल का?’ असं विचारण्यात गैर काही नाही.

बॅरलमधल्या नमुन्याला मात्र वेगळा नियम लावा. तो गढूळ असेल, थोडा कार्बन डायऑक्साइड जिभेला चुरचुरेल. द्राक्षातल्या तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर पुरं झालं नसेल तर हिरव्या सफरचंदासारखा आंबट लागेल. हे दोष नाहीत. मऊपणा शोधू नका. घोटाच्या मध्यावर फळ भरलेलं लागतंय का आणि थुंकल्यावर चव किती सेकंद टिकते, एवढंच बघा.

गोडीछाटणी
वरच्यात वासाची भर. सडक्या अंड्याचा वास आला तर ग्लास अर्धा मिनिट जोरात फिरवा. तरी गेला नाही तर घासलेला तांब्याचा तुकडा टाकून हलवा. वास गेला तर तो हायड्रोजन सल्फाइड, बॅरल बदलताना हवा लागून बहुतेकदा सुधारतो. (ती वाइन पिऊ नका, नुसती हुंगा.) ओल्या पुठ्ठ्याचा वास हवेने वाढत जातो. तो बुचाचा दोष, त्यावर उपाय नाही, दुसरी बाटली मागा. नेलपॉलिश किंवा व्हिनेगर म्हणजे ॲसिटिक जिवाणूंचं काम.

आता प्रश्न. ‘द्राक्षं कधी तोडली, तेव्हा ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) आणि पीएच (जितका जास्त तितकं आम्ल सौम्य) किती होता?’ यातच निम्मी वाइन कळते. युरोपात द्राक्ष पिकतं तेव्हा हवा गार होत जाते. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर (फळ धरण्यासाठीची छाटणी) माल फेब्रुवारी-मार्चमध्ये, उन्हं चढत असताना पिकतो. साखर भराभर चढते, आम्ल घसरतं, पण साल आणि बी कच्चीच राहतात. म्हणून काही नाशिक रेड एकाच वेळी जॅमसारख्या आणि कडवट लागतात. २४ ब्रिक्स आणि ३.६ च्या आसपास पीएच असेल तर तोडणी विचारपूर्वक झालीय. पीएच ३.८ च्या वर गेला की वाइन टिकवण्यासाठी घातलेल्या सल्फरचा असर कमी होतो, रंग मंदावतो, जिवाणूंना रान मोकळं.

दुसरा प्रश्न, बॅरल किती दिवसांनी भरून घेता? उन्हाळ्यात लाकडातून वाइन झपाट्याने उडते. वरची पोकळी तशीच ठेवली की ऑक्सिडेशन ठरलेलं. ज्याचं उत्तर अडखळत येईल त्याच्याकडून बॅरलमध्ये मुरवलेली वाइन विकत घेताना विचार करा.

आणि दोन शिराझ पाठोपाठ नको, शेजारी शेजारी ओतायला सांगा. एक अमेरिकन ओकच्या लाकडाच्या बॅरलमधली असेल तर व्हॅनिला-नारळ लगेच वेगळे कळतील. छोट्या वायनरीत अशी मागणी आनंदाने पुरी होते.

पुणेरी_पेला
फार उपयोगी. घेतलेल्या बाटल्या उन्हातून पुण्याला कशा आणायच्या?

तळघर
थर्मोकोलच्या खोक्यात, एसी चालू असलेल्या भागात. डिकीत नाही. उन्हात उभ्या गाडीत पारा ५० पार जातो, वाइन फुगून बूच वर सरकतं आणि फळाचा वास शिजल्यासारखा होतो. जेवायला थांबलात तर खोकं सोबत न्या. बिल हाताशी असू द्या. घरी आठवडाभर हलवू नका. तळघर नसेल तर फ्रिजचा खालचा कप्पा चालेल, प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. बॅरलच्या नमुन्याची बाटली भरून मागू नका, गाळलेली आणि स्थिर केलेली नसल्याने ती बाटलीत पुन्हा आंबू शकते.